जुवाची रिकामी बाजू

निंबपेठेच्या कापूसतळावर दोन मोटांची विहीर होती. त्या विहिरीच्या पाण्यानं पेठेला शहाणपण आलं, असं पेठेतले लोक म्हणत. खरं शहाणपण आलं होतं कापसाच्या भावानं. अमेरिकेत कुठं लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडं वऱ्हाडात कास्तकारांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीरस्त्यावरची ही पेठ, काल-परवापर्यंत तिथं आठवडी बाजारसुद्धा धड भरत नसे. तिथं कमिटी बसली. कमिटीनं गाड्यांसाठी तळ बांधला, कंदील लावले, चौकीदार ठेवला, दवाखाना काढला आणि विहिरीवर दोन मोटा सुरू केल्या. एक मोट बैलांच्या लांब दगडी डोणीत पाणी सोडी. दुसरी आगीचा हौद भरी, कारण कापसाच्या तळावर आग लागायला एक ठिणगी पुरते.

नत्थुजीला ही विहीर त्याच भरभराटीत मिळाली. गावाकडचं काळं वावर त्यानं धाकट्या भावाला बटईनं दिलं आणि बायको रुख्मिणी, मुलगा सूर्यभान आणि लाखा-चांद्या ही बैलजोडी घेऊन तो पेठेत आला. आपल्या जोडीवर एक मोट तो स्वतः हाकी. कमिटीच्या जोडीवर दुसरी सूर्यभान हाकी. रुख्मिणी डोणी घासायची, शेण उचलायची, विहिरीच्या काठच्या झोपडीत भाकरी थापायची. हे सगळं काही वर्षांपुरतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. भावाशी बोलणं झालं होतं. येत्या आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जोडी घेऊन यायचं, भाऊ वावर मोकळं करून देणार, मिरगाला आपली पेरणी आपल्या हातानं. रुख्मिणी तर लाखाच्या पाठीवर हात फिरवताना त्याला वावराच्या बांधावरच्या बोरीची आठवण करून द्यायची.

मग तिकडची लढाई संपली आणि इकडं भाव कोसळला. कमिटीची पट्टी कापसाच्या भावावर बसे, तीही आटली. पण आगगाडी आता जवळ येऊन ठेपली होती, त्यामुळे जो तो आपला कापूस घेऊन याच रस्त्यानं निघाला. गाड्या दुप्पट झाल्या आणि कमिटीची तिजोरी निम्मी. हे कोडं कमिटीनं फार लवकर सोडवलं.

पौषातल्या एका सकाळी कमिटीचे कारकून कमलाकांतपंत विहिरीवर आले. अंगावर शाल, पायांत नवे जोडे, आणि जोड्यांना चिखल लागू नये म्हणून बगळ्यासारखं एकेक पाऊल उचलणं.

"नत्थुजी, जरा मोट थांबवा. उद्यापासून कमिटीची जोडी इथं नाही. लिलाव व्हायचाय तिचा."

"काहून जी? बैल तं चांगले हायेत."

"चांगले आहेत म्हणूनच विकले जातील. म्हातारे असते तर कोण घेतलं असतं?" पंतांनी शाल सावरली. "उत्पन्न घटलंय. चौकीदार काढला, कंदील काढले, दवाखान्यातला मलमपट्टीवालाही काढला. विहीर तुमच्या एका जोडीवर भागवायची."

"गाड्या तं गेल्या सालाहून दुपटीनं येऊन राह्यल्या पंत. एका जोडीवर डोणी भरू का हौद भरू?"

"दोन्ही. पण हौद आधी. हौद काठोकाठ भरलेला हवा. नसला, तर विहीर दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"आन सूर्यभान?"

"त्याचं काय? करील बापाला मदत. बापाला मदत करण्याचा मुशाहिरा कमिटीनं द्यायचा का?"

हे बोलून पंत हसले. आपण विनोद केला असं त्यांना खरोखरच वाटलं असावं.

त्या दिवसापासून लाखा-चांद्यांना उसंत म्हणून राहिली नाही. तांबडं फुटायच्या आत नत्थुजी हौदाची मोट धरी. रात्रभरात पाझरून उतरलेला हौद भरला की मोटेचा नाडा सोडून दुसऱ्या चाकावर डोणीची मोट. डोणी भरते न भरते तोच गाड्या येत, आणि उतारू बैल डोणी चाटून कोरडी करत. धावेवरून, विहिरीपुढच्या त्या उतारावरून, उतरताना नत्थुजी नाड्यावर बसून आपलं वजन जोडीला देई. पण वर चढताना, पाठीमागं सरत सरत चढताना, बैलांना कुणाचीच मदत नसते. माघातच लाखाचा खांदा आला. आधी सूज, मग साल गेली, मग त्यावर माशा. सूर्यभान एरंडाची पानं गरम करून बांधी आणि सकाळी त्याच पानांवर जू चढे.

एके दुपारी रुख्मिणी पंतांच्या घरी गेली. मागच्या दारी, गोठ्याशी उभी राहिली. पंत जेवून वामकुक्षीला टेकले होते, म्हणून त्यांच्या पत्नी अनुपमाबाई दारात आल्या.

"बाई, पंतायले सांगा ना. पंधरा दिवस आणिक एक जोडी द्या. आमच्या बैलाचा खांदा निरा सडून राह्यला."

"कमिटीतलं मी कशी सांगणार गं?" अनुपमाबाईंचा आवाज गोड होता. "पण बरी आलीस. तुमच्या विहिरीच्या पाण्यात म्हणे डाळ लोण्यासारखी शिजते. आमच्या आडाचं पाणी मेलं खारट. रोज दोन घागरी आणून टाकशील?"

रुख्मिणी मागायला गेली होती, ती देऊन परत आली. रोज सकाळी डोणीसाठी ओढलेल्या पाण्यातल्या दोन घागरी पंतांच्या डाळीला जाऊ लागल्या. तिला नाही म्हणता आलं असतं, पण डोक्यावर छप्पर कमिटीचं होतं.

फाल्गुन उतरणीला लागला आणि ऊन असं तापलं की दुपारी धावेवरची माती तळव्यांना पोळे. त्या दिवशी हिवरखेडचे खुशालराव तीन गाड्या घेऊन आले. भारदस्त माणूस, मिशांना पीळ, भाव असताना दोन वाड्यांचा मालक झालेला. त्यांच्या बैलांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या, तोंडाला फेस सुकला होता. डोणी कोरडी होती. तिच्यापुढं आधीच पन्नासेक गाड्या पाण्यासाठी खोळंबल्या होत्या. मागून येणाऱ्या गाड्या त्यांना भिडत होत्या. चाकाला चाक, कापसाला कापूस. रांग लावायला चौकीदार नव्हता, चिलीम विझवा म्हणून ओरडायलाही कुणी नव्हतं.

"नत्थुभाऊ," खुशालराव हौदाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे पाणी हाये ना?"

"तो आगीचा हाये खुशालराव. त्याले हात लावता येत नाई."

"आग कोठी हाये? आग तं दिसत नाई. हे बैल अठी हायेत. पाहा ना, तो कसा बसला. तो आता उठत नाई."

खरंच त्यांचा एक बैल जुवासकट खाली बसला होता. नत्थुजीनं मोट थांबवली. कास्तकाराच्या पोटी जन्मलेल्या माणसाला पाण्याच्या काठाशी बसून तहानेनं मरणारा बैल बघवत नाही. हा त्याचा गुण म्हणा की खोड म्हणा. कमिटीच्या कारभारात ती खोडच ठरते.

"काढू नोका," रुख्मिणी जवळ येऊन हळूच म्हणाली. "आखजी दीड मयन्यावर आली. विहीर गेली तं काय घेऊन जाता गावाले? कोण्या तोंडानं जाता?"

"संध्याकाळलोक भरून टाकतो ना वापस. पाह्य त्याइच्याकडं, काय म्हनून नाई म्हनू?"

त्यानं हौदाच्या तळाची गुडदी, लाकडी बूच, ओढली. पाणी डोणीत आलं. सगळ्या तळावरचे बैल गळ्यातल्या घंटा वाजवत डोणीवर तुटून पडले. खुशालरावांनी पागोटं काढून नत्थुजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुह्यं पुण्य कोठी फेडू बाप्पा!"

दिवस कलताना वारा सुटला, आणि तळाच्या पश्चिमेकडून, जिथं गाड्या अगदी चिकटून उभ्या होत्या, धूर निघाला. चिलमीची ठिणगी असेल, आणखी काही असेल. कापूस कुणाला विचारून पेटत नाही. एका गाडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जाळ चालत आला. बैल सोडा, गाड्या ओढा, पाणी आणा, असा एकच गलका झाला. बैल पिऊन ताजे होते, म्हणून दावी तोडून पळाले आणि वाचले. घागरी, हंडे घेऊन लोक हौदाकडं धावले तेव्हा हौदात घोट्याइतकं पाणी होतं.

नत्थुजीनं लाखा-चांद्यांना धावेवर घातलं. तो हाकत नव्हता, मारत होता. तुतारीची, हाकायच्या काठीची, आरी लाखाच्या पुठ्ठ्यात रुतत होती, रक्त येत होतं, आणि तो ओरडत होता, "वढ माह्या राजा, वढ!" सूर्यभान मोट उलटी करी, लोक ती हौदात पोचू न देताच घागरींनी झेलत. धुरानं बैलांचे डोळे वाहत होते. कितीतरी मोटा त्यांनी ओढल्या. मग धावेच्या तळाशी लाखाचे पुढचे पाय दुमडले. चांद्या त्याच्यासोबत खाली ओढला गेला. वर चाकापाशी भरलेली मोट तशीच लटकत राहिली.

रुख्मिणी धावेवरून घसरत खाली गेली. तिनं लाखाचं तोंड मांडीवर घेतलं आणि ओंजळीनं पाणी घातलं. पाणी तोंडाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं.

"जू काढ त्याच्या मानेवरचं!" ती नवऱ्यावर ओरडली. "मेल्यावर तं काढ!"

तळ निम्मा जळाला. त्यात खुशालरावांच्या तिन्ही गाड्या गेल्या.

चौकशी चावडीत झाली. कमिटीचे मुख्य भगवंतराव लोडाला टेकून बसले होते. त्यांचा स्वतःचा कापूस आगीच्या आदल्याच दिवशी पुढं गेला होता, त्यामुळे त्यांचं चित्त शांत होतं. चौकीदार का काढला, कंदील का काढले, एका जोडीवर दोन मोटा कुणी घातल्या, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, की हौद रिता का होता.

"बैल तान्हेले होते मालक," नत्थुजी म्हणाला. "खुशालरावाइनं मांगतलं, म्हनून गुडदी काढली. इचारा त्याइले. ते अठीच हायेत."

सगळ्यांनी खुशालरावांकडं पाहिलं. पंत सकाळीच त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन आले होते. कुणा कास्तकाराच्या सांगण्यानं हौद सोडला असेल तर भरपाई कुणालाच नाही, पण विहीरवाल्याच्या कसुरीनं रिता राहिला असेल तर कमिटी विचार करील, असं सांगून आले होते. खुशालराव उठले. मिशांचा पीळ उतरला होता.

"म्या पाणी मांगतलं नाई," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "मी आलो तवा हौद रिताच होता."

सूर्यभान तिरमिरून पुढं झाला. नत्थुजीनं त्याचा दंड धरला. आत कमिटी ठरवत असताना चावडीच्या बाहेर पायरीवर खुशालरावांनीच नत्थुजीला गाठलं.

"नत्थुभाऊ, माह्या तीन गाड्या जयल्या. घरी पोरीचं लगन हाये. मी काय करू, सांग बरं?"

"बैल वाचले ना तुमचे?"

"वाचले."

"मंग झालं," नत्थुजी म्हणाला. मन मोठं होतं म्हणून नव्हे. त्याचं लक्ष आत काय ठरतंय तिकडं होतं.

कमिटीनं ठरवलं ते पंतांनी उभं राहून सांगितलं. नुकसानीबद्दल नत्थुजीनं पुढच्या दिवाळीपर्यंत फुकट मोट चालवायची. तोवर उरलेला बैल कमिटीच्या ताब्यात समजायचा, तळ सोडून गेल्यास बैल जप्त. आणि मोट दोन मानांची आहे, तेव्हा दुसऱ्या मानेची सोय नत्थुजीनं पाहावी.

आखजीला भाऊ आला. झोपडीबाहेर बसून तो पाणी प्याला. दाव्याला एकटा चांद्या बघून तो आपल्या वहाणेचा अंगठा दाबत बसला.

"एका बैलावर काय करतो भाऊ? औंदा वावर माह्याकडंच राहू दे."

"राहू दे," नत्थुजी म्हणाला.

दुसऱ्या मानेची सोय सूर्यभाननं केली. बापानं काही म्हणायच्या आत तो जुवाच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभा राहिला, गोणपाटाची घडी मानेवर ठेवली आणि वाकला.

"अबे, नाई! मी येतो तठी," नत्थुजी म्हणाला.

"तुमी आलं तं हाकन कोन? चांद्या माह्यं आयकत नाई. चला, उशीर होऊन राह्यला."

चांद्या आधी बिचकला. शेजारी माणसाचा वास, जू तिरपं. मग त्यालाही सवय झाली. सवय सगळ्यांनाच झाली, हीच त्यातली वाईट गोष्ट. डोणीवर बैल पाजणारे गाडीवान सुरुवातीला तोंड फिरवत, मग बघू लागले, मग "जोर लाव रे" म्हणू लागले. पंत आले तेव्हा ते धावेच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. नत्थुजीला वाटलं, आता तरी ह्या माणसाला काही वाटेल.

"चालतंय की!" पंत म्हणाले. पुढच्या बैठकीत त्यांनी मांडलं, की विहिरीसाठी जोडीची गरज नाही, एक बैल पुरतो, अनुभवानं सिद्ध झालं आहे. भगवंतरावांनी मान डोलावली.

वैशाखातल्या एका दुपारी नत्थुजीचा डोळा लागत होता. नाड्यावर बसल्या बसल्या मान कलत होती. जोडी मंदावली तशी त्याच्या हातानं, वर्षानुवर्षं केलं तेच केलं. तुतारी पुढं गेली आणि आरी टोचली. बैलाच्या पुठ्ठ्याला नव्हे. सूर्यभान ओरडला नाही. त्यानं फक्त चांद्यासारखाच एक हिसडा दिला आणि पाऊल उचललं. ते पाहून नत्थुजीची झोप जी उडाली ती पुढं कैक दिवस आली नाही. संध्याकाळी त्यानं दगडावर ठेवून आरी उपटून काढली. नुसती काठी राहिली. काठी टाकता येत नव्हती, काठीशिवाय चांद्या चालत नसे.

त्या साली श्रावणातही पाऊस नव्हता. नाला कोरडा, आड तळाला. पोळा आला आणि पेठेतल्या लोकांना प्रश्न पडला, बैल धुवायचे कुठं. भगवंतरावांनी दवंडी पिटवली, सगळ्यांनी कमिटीच्या विहिरीवर यावं. दवंडी ऐकून रुख्मिणीनं सूर्यभानच्या मानेकडं पाहिलं. मग पंतांच्या घागरी घेऊन गेली. अनुपमाबाईंनी पसाभर डाळ आणि गुळाचा खडा दिला.

"पाण्याबद्दल नाही हो," त्या म्हणाल्या. "बैलाच्या नावानं. उद्या पोळी घाल त्याला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा शेकतात. रुख्मिणीनं वाटीत तूप कढवलं, हळद घातली. चांद्याच्या खांद्याला मळता मळता तिनं दरसालचे शब्द म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चांद्यानं कान हलवले. वाटीत थोडं उरलं होतं. सूर्यभान जोत्यावर पालथा पडला होता. त्याच्या मानेखाली, खांद्यावर, लाखाच्या होती तशीच गाठ आली होती, तिच्यावरची साल गेली होती. आईची बोटं लागताच त्यानं अंग आखडलं, मग सैल सोडलं.

"माय."

"काय?"

"मले नाई देत का आवतन?"

रुख्मिणीनं वाटी जवळ ओढली. उरलेली हळद निपटून निपटून मळत राहिली. आत बसलेल्या नत्थुजीनं भिंतीकडं तोंड केलं.

सकाळी पंत गंध लावून आले.

"आज पोळा, नत्थुजी. आज बैलाच्या मानेवर जू ठेवणं महापाप. चांद्याला जुंपू नका, कमिटीचं नाव जाईल. तिसऱ्या प्रहरापर्यंत डोणी आणि हौद मात्र भरून हवेत. सगळ्या पेठेचे बैल यायचेत."

"मंग मोट कोन वढन पंत?"

पंतांनी बापाकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं आणि ते जोडे सांभाळत परत फिरले. त्यांना ते दोघं समोर उभे असताना हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला.

नत्थुजी जुवात चांद्याच्या जागी शिरला. रिकामी काठी रुख्मिणीच्या हातात आली. ती नाड्यावर बसली, तिचं वजन फारसं नव्हतं. मोट वर येई, उलटे, खाली जाई. नवरा आणि लेक धावेवरून उतरत आणि पाठीमागं सरत चढत. डोणीवर पेठेतले बैल येऊ लागले. लोक त्यांच्या अंगावर हंडे ओतत होते, पाठी घासत होते, शिंगांना हिंगूळ लावत होते. भगवंतरावांच्या खिल्लारी जोडीला तर दोनदा धुतलं. वाजंत्री वाजत होती. हार घातलेला चांद्या झोपडीपुढं उभा राहून, आपल्या जागी कोण आहे ते बघत होता.

दुपारी रुख्मिणीनं पुरणाच्या पोळ्या आणल्या. डाळ थोडी, पोळ्या दोनच. एक तिनं चांद्याला ओवाळून भरवली. दुसरी घेऊन ती धावेवर आली.

"थांबा जरासं. खाऊन घ्या."

"हौद राह्यला अजून," नत्थुजी म्हणाला. मानेवर जू, दोन्ही हातांनी ते धरलेलं, कारण सोडलं तर भरलेली मोट विहिरीत जाणार. "हात नाई मोकळे."

रुख्मिणीनं काठी खाली ठेवली. पोळीचे दोन तुकडे केले. एक नवऱ्याच्या तोंडाशी नेला, एक लेकाच्या. दोघांनीही मान पुढं केली आणि तिच्या तळहातावरून ओठांनी घास उचलला. तिनं पदरानं दोघांची तोंडं पुसली, काठी उचलली, आणि डोणीवरचा कुणीतरी पाणी कमी पडतंय म्हणून ओरडला तशी म्हणाली, "चला बाप्पा."